साडेदहा तास मागचं गाव

ऑफिस पुण्यात, काम अमेरिकेचं आणि कान जमैकात! इंटरनेट रेडिओवर रेगे ऐकता ऐकता एका न पाहिलेल्या बेटाशी नातं जुळलं, त्याची ही गोष्ट.

संध्याकाळचे साडेसात. मगरपट्ट्यातून लोंढेच्या लोंढे घरी निघालेले असतात आणि मी एकटी उलट्या दिशेनं आत शिरत असते. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ‘सुटलो बाबा एकदाचे’ असे भाव, आणि माझ्या तोंडाला नुकत्याच लावलेल्या टूथपेस्टचा वास. नाइट शिफ्ट करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सगळं शहर ‘गुड नाइट’च्या मूडमध्ये असताना आपल्याला कुणीतरी ‘गुड मॉर्निंग’ म्हणावं, एवढीच आपली माफक अपेक्षा असते.

मला म्हणतात. रोज. लॉग-इन केलं, इयरफोन कानात कोंबले की एक भरदार आवाजाच्या बाई म्हणतात, ‘मॉर्निंग, जमैका!’ त्यांच्याकडे तेव्हा खरोखरच सकाळचे नऊ वाजलेले असतात.

आमचं काम कॉल्सचं नाही, क्लेम्सचं. अमेरिकेतल्या लोकांची हॉस्पिटलची बिलं तपासायची आणि इन्शुरन्सचे कोड टाकायचे. डोळे आणि बोटं कामाला, कान मोकळे. त्या मोकळ्या कानांनी गेली सहा वर्षं मी रोज रात्री जमैकाला जाऊन येते. पासपोर्टवर एक शिक्का नाही, पण किंग्स्टनच्या कुठल्या रस्त्यावर कधी ट्रॅफिक तुंबतं ते विचारा. झोपेत सांगेन!

दीड तास मिळवा, दिवसाची रात्र करा

आधी घड्याळाचा फंडा सांगते. किंग्स्टन आपल्या साडेदहा तास मागे आहे. हिशेब सोपा आहे. आपल्या घड्याळात दीड तास मिळवायचा आणि रात्रीचा दिवस करायचा. आपले रात्रीचे साडेदहा म्हणजे त्यांचे दुपारचे बारा. आपले पहाटेचे अडीच म्हणजे त्यांचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे चार.

गंमत म्हणजे अमेरिका मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे ढकलते आणि नोव्हेंबरात मागे आणते. त्याबरोबर आमची शिफ्ट, कॅब, जेवण, झोप, सगळंच तासभर सरकतं. जमैका घड्याळाला हात लावत नाही. वर्षभर तेच साडेदहा तास. माझ्या आयुष्यात वर्षभर एका जागी टिकलेली एवढी एकच वेळ!

एकदा जेवणाच्या सुट्टीत नकाशा उघडला आणि उडालेच. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर, किंग्स्टन अठरावर. म्हणजे पुण्यावर बोट ठेवायचं आणि सरळ पश्चिमेला न्यायचं. अरबी समुद्र, अरबस्तान, सुदान, चाड, माली, मग अख्खा अटलांटिक ओलांडून बोट हैतीवरून जमैकात पोचतं. अंतर पंधरा हजार किलोमीटरच्या आसपास, पण सूर्य डोक्यावर येतो तो त्याच कोनात. म्हणूनच की काय, तिथेही चिंच आहे, फणस आहे आणि आंबा तर आहेच आहे. तिथल्या एका लाडक्या आंब्याचं नाव काय असेल? ‘बॉम्बे’! दुसऱ्या एकाचं नाव ‘नंबर इलेव्हन’. १७८२ साली ब्रिटिशांनी पकडलेल्या एका फ्रेंच जहाजावर आंब्याची रोपं सापडली. त्यातल्या अकरा नंबरच्या रोपाची ही पिलावळ. मे-जून आला की रेडिओवर ‘ज्युली’ भारी की ‘बॉम्बे’ यावर श्रोते हमरीतुमरीवर येतात. हापूस की पायरी, डिट्टो!

नेट गेलं वाटतं...

सुरुवात मात्र काही फार भारी नव्हती. २०१९ मध्ये शेजारच्या डेस्कवरच्या मित्रानं एक लिंक पाठवली. ‘झोप उडेल, ऐक.’ ते एक नुसतंच गाण्यांचं चॅनेल होतं. ना निवेदक, ना जाहिराती. कम्प्युटर एकामागून एक गाणी सोडतोय. बॉब मार्ली मला माहीत होता, म्हणजे टी-शर्टवर. त्याच्यापलीकडचं रेगे मी पहिल्यांदा ऐकलं. त्या तालाची एक खोड आहे. आपण जिथे टाळी देऊ तिथे गिटार गप्प असते आणि दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती ‘चक्’ करून वाजते. खाली बास गिटार संथपणे चालत असते, पोटभर जेवून शतपावलीला निघाल्यासारखी. पहाटे तीनला डोळे मिटायला लागले की हा ताल झोपूही देत नाही आणि दमवतही नाही. नाइट शिफ्टला बेस्ट.

पण महिनाभरात कंटाळले. ती गाणी कुठलीच नव्हती. कुठे वाजतायत, बाहेर ऊन आहे की पाऊस, काही कळायचं नाही. मग शोधता शोधता खुद्द जमैकातून लाइव्ह चालणारं एक छोटं स्टेशन सापडलं. तेच माझं आजतागायतचं स्टेशन आणि त्याच या बाई.

पहिल्या आठवड्यात मी तीनदा ऑफिसच्या आयटी टीमला फोन केला. गाणं मस्त रंगात आलंय आणि मध्येच खर्रकन थांबतंय, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय. मला वाटलं, नेट गेलं. १२८ केबीपीएसचा स्ट्रीम म्हणजे तासाला साधारण ५८ एमबी डेटा. त्यात काय अडकणार? आयटीवाला वैतागून म्हणाला, ‘मॅडम, लाइन ओके आहे, तुमचं गाणंच तसं असेल.’ आणि खरंच तसंच होतं! गाणं लोकांना फारच आवडलं की तिथे ते अर्ध्यात थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात. याला म्हणतात ‘पुल अप’. आपला ‘वन्स मोअर’, फक्त गाणं संपायची वाट न बघता. आणि रेकॉर्ड लावणाऱ्याला तिथे डीजे म्हणत नाहीत बरं का. तो ‘सिलेक्टर’. तालावर तोंडानं शब्दांचा मारा करतो तो ‘डीजे’.

दुसरा गोंधळ. अर्धा तास झाला तरी तेच गाणं! आवाज बदलतात, शब्द बदलतात, खालचं संगीत तेच. हा तिथला ‘रिडिम’. म्हणजे एकच वाद्यमेळ, त्यावर पाच-पंचवीस गायक आपापले शब्द गातात आणि रेडिओवर ती सगळी गाणी ओळीनं लावतात. मला एकदम आमच्या साताऱ्याच्या आळीतली भजनी मंडळी आठवली. चाल तीच, अभंग वेगळा.

या रिडिममधला सर्वांत गाजलेला म्हणजे १९८५ चा ‘स्लेंग टेंग’. वेन स्मिथ हा गायक आणि किंग जॅमी हा निर्माता, यांनी तो किंग्स्टनमध्ये केला. पण त्याचा ताल आला कुठून? कॅसिओच्या एमटी-४० या छोट्याशा कीबोर्डमध्ये आधीच भरून ठेवलेल्या नमुन्यांमधून. तो नमुना बसवला होता हिरोको ओकुदा या जपानी मुलीनं. संगीत शिकून नुकतीच कंपनीत लागलेली, कॉलेजात रेगेवर प्रबंध लिहिलेली. नोकरीतलं सुरुवातीचं एक काम म्हणून तिनं केलेला तो काही सेकंदांचा तुकडा. त्यावर पुढे शेकड्यांनी गाणी झाली. ऑफिसात बसून आपण जे करतो ते कुठेतरी पोचतं का, असा प्रश्न पडला की मी या बाईंची आठवण काढते.

रेडिओवरून गाव कसं दिसतं?

जमैका म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तीन गोष्टी येतात. बॉब मार्ली, जटा आणि गांजा. त्यातला तिसरा शब्द तर आपलाच. १८४५ पासून १९१७ पर्यंत उसाच्या मळ्यांवर राबायला साधारण ३६ हजार मजूर हिंदुस्थानातून तिकडे गेले, बहुतेक उत्तर भारतातले. त्यांच्या बोचक्यातून ‘गांजा’ आणि ‘चिलम’ हे शब्द गेले, रोटी गेली, मटणाचा रस्सा गेला. आज ‘करी गोट’ हा अख्ख्या जमैकाचा लाडका पदार्थ आहे.

पण रेडिओवर रोज ऐकू येणारं जमैका या पोस्टरपेक्षा फार वेगळं आहे. तिथे सकाळी ट्रॅफिकच्या बातम्या असतात. पोर्टमोर आणि स्पॅनिश टाउनकडून किंग्स्टनला नोकरीसाठी येणाऱ्यांचा मंडेला हायवेवर खोळंबा. हाफ वे ट्री या चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बसची गर्दी. ऐकताना हिंजवडीचा पूल आठवतोच. मग शाळेच्या फिया, पाणी कुठल्या भागात येणार नाही, टोमॅटो महागले, क्रिकेट. रविवारी भाताची चर्चा. ‘राइस अँड पीज’ हे तिथलं रविवारचं ठरलेलं जेवण. नावात पीज, असतो मात्र राजमा, नारळाच्या दुधात शिजवलेला. मी करून बघितला. आई म्हणाली, ‘राजम्यात नारळ? बरं लागतंय गं.’ आईकडून ‘बरं’ म्हणजे पाच स्टार.

आणि निधनवार्ता. हे मला सुरुवातीला फार विचित्र वाटलं. गाणी थांबवून बाई संथ आवाजात वाचतात. अमुक गावचे अमुक, ज्यांना सगळे तमक्या टोपणनावानं ओळखायचे, मागे इतकी मुलं, इतकी नातवंडं, काही टोरांटोत, काही लंडनमध्ये. मग लक्षात आलं, आपल्या पेपरात तरी वेगळं काय असतं? ‘ऊर्फ अप्पा’ लिहिल्याशिवाय गल्लीत कळत नाही कोण गेलं ते. अख्खं बेट पुणे जिल्ह्यापेक्षा लहान, माणसं २८ लाखांच्या आसपास. अशा ठिकाणी रेडिओ म्हणजे गावातला पारच.

या पारावर माझे एक आवडते काका होते. बाई त्यांना ‘अंकल’ म्हणायच्या. बेटाच्या नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हर नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे, तिथले. दर शुक्रवारी त्यांच्याकडचे चार वाजले, म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे अडीच, की अंकलचा फोन. आधी मासळीचा भाव, मग हवेची तक्रार, मग बाईंनी चेष्टेनं मागायचं, ‘माझी कोळंबी कुठाय?’ त्या भागातल्या मिडल क्वार्टर्स गावची तिखटजाळ कोळंबी प्रसिद्ध आहे. अंकल म्हणायचे, ‘येऊन घेऊन जा.’ आणि मग फर्माईश. दर आठवड्याला तीच. १९६७ चं एक रॉकस्टेडी गाणं. रॉकस्टेडी म्हणजे रेगेची मोठी बहीण, १९६६ ते १९६८ एवढीच तिची कारकीर्द. ते गाणं अंकल आणि त्यांच्या बायकोच्या पहिल्या नाचाचं. बायको कधीच गेली. बाईंनी एकदाही ‘आज दुसरं काही लावू का’ असं विचारलं नाही. शुक्रवारी अडीचला मी काम थांबवून चहा घ्यायची. ते गाणं आणि तो चहा, हा माझ्या आठवड्याचा शेवट होता.

बाबा, सिलोन आणि दूरचा आवाज

२०२० मध्ये ऑफिस बंद झालं आणि मी लॅपटॉप घेऊन साताऱ्याला घरी गेले. बाबांना रात्री झोप कमी. एकदा दोन वाजता पाणी प्यायला उठले आणि माझ्या खोलीत डोकावले. म्हटलं, ‘बाबा, जमैका.’ त्यांनी एक इयरफोन घेतला, पलंगाच्या कडेला बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, ‘हे सिलोनसारखंच झालं की.’

आमच्या पिढीला सिलोन म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातली श्रीलंका. बाबांच्या पिढीला सिलोन म्हणजे रेडिओ. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. आपले मराठीच, पुण्याचे. त्यांना सिनेमाची गाणी म्हणजे सवंगपणा वाटायचा. आकाशवाणीवरून ती हद्दपारच झाली. मग लोकांनी काय केलं? सुई फिरवली. त्याच वर्षी कोलंबोहून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज शॉर्टवेव्हवरून घराघरात शिरला. शेवटी १९५७ मध्ये सरकारला विविध भारती काढावीच लागली. तरी बाबांच्या लहानपणी बुधवारी रात्री आठला सिलोनच. खरखर व्हायची, आवाज लांब जायचा, परत यायचा. आजोबा एरियलची तार आणखी वर बांधायचे.

मी बाबांना सांगितलं, बाबा, रेगेसुद्धा असंच जन्मलं. १९५० च्या दशकात किंग्स्टनचा रेडिओ साहेबी थाटाचा होता. गरीब वस्तीतल्या पोरांना ऐकायचं होतं अमेरिकेतलं काळ्या लोकांचं रिदम अँड ब्लूज. ते रात्री ट्रान्झिस्टरवर मायामी आणि न्यू ऑर्लिन्सची स्टेशनं शोधायचे. रात्रीच का, तर मीडियम वेव्हच्या लहरी अंधार पडल्यावर आकाशातल्या वरच्या थरावरून परततात आणि समुद्र ओलांडून येतात. ज्यांच्याकडे ट्रान्झिस्टरही नाही ते ‘साउंड सिस्टिम’च्या नाचाला जायचे. म्हणजे कपाटाएवढे स्पीकर रस्त्यावर लावायचे आणि अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्ड वाजवायच्या. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यातले दोन बडे. दुसऱ्याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून रेकॉर्डवरचं लेबल खरवडून टाकायचे! दशकाच्या शेवटी तिकडे रॉक अँड रोल आलं, हवी तशी रेकॉर्ड मिळेना. तेव्हा यांनी आपल्याच पोरांना गोळा करून गाणी बनवायला सुरुवात केली. त्यातून स्का, मग रॉकस्टेडी, आणि १९६८ च्या सुमाराला रेगे. डॉडनं १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर काढलेला ‘स्टुडिओ वन’ हे त्याचं माजघर.

आणि तरीही चोवीस तास रेगे वाजवणारं पहिलं जमैकन स्टेशन, आयरी एफएम, सुरू व्हायला १९९० उजाडलं. तेही राजधानीत नाही, उत्तर किनाऱ्यावरच्या ओचो रिओसला. रेगे जन्मल्यावर वीसेक वर्षांनी! नोव्हेंबर २०१८ मध्ये युनेस्कोनं रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मात्र सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. ‘आम्ही सिलोनला पोस्टकार्डं टाकायचो. झुमरीतलैयावाले तर ढिगानं टाकायचे. तू कधी काही लिहिलंस का यांना?’

‘छे! मी काय लिहिणार?’

‘मग नुसतीच ऐकतेस?’ म्हणाले आणि झोपायला गेले.

त्या मंगळवारी

२८ ऑक्टोबर २०२५. मंगळवार. मेलिसा चक्रीवादळ जमैकाकडे सरकतंय, हे आठवडाभर ऐकत होते. त्याची चाल अगदी सावकाश होती आणि रेडिओवरच्या बाईंचा आवाज रोज थोडा थोडा बदलत होता. आधी थट्टा होती. १९८८ च्या सप्टेंबरात गिल्बर्ट वादळानं बेट झोडपलं, तर लवइंडिअर नावाच्या गायकानं त्यावर चक्क विनोदी गाणं काढलं होतं, ‘वाइल्ड गिल्बर्ट’. ते लावून झालं. मग शनिवारपासून गाणी कमी होत गेली. सोमवारी बंदच झाली. नुसत्या सूचना. निवाऱ्याच्या शाळांची नावं. पाणी भरून ठेवा. फोन चार्ज करा. किनाऱ्यावर असाल तर आत्ता निघा.

मंगळवारी शिफ्ट साडेसहाची होती. मी एका हातानं क्लेम्स करत होते. बाई बोलत होत्या, मागे कसला तरी घोंघावणारा आवाज. मध्येच त्या म्हणाल्या, ‘अंकल, ऐकत असलात तर हट्ट करू नका.’ नाव घेतलं नाही, पण मला कळलं. त्यांच्याकडे दुपारचे बारा वाजत आले होते, आपल्याकडे साडेदहा. मेलिसा न्यू होपजवळ किनाऱ्यावर आदळलं. पाचव्या श्रेणीचं, वारे ताशी २९५ किलोमीटर. जमैकाच्या नोंदींमधलं सर्वांत जोरदार वादळ. ब्लॅक रिव्हर त्याच बाजूला.

आणि स्ट्रीम थांबला.

या वेळी मी आयटीला फोन केला नाही. स्क्रीनवरचं ते गोल गोल फिरणारं चक्र बघत बसले. कॅन्टीनमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती, कुणाचा तरी केक कापत होते. मित्र म्हणाला, ‘काय गं, चेहरा असा का?’ काय सांगणार? ‘माझ्या ओळखीचे एक काका आहेत’ म्हणाले असते, पण मी त्यांच्या ओळखीची नव्हते. सहा वर्षं त्यांच्या पारावर बसून मी सगळ्यांचं ऐकलं होतं आणि मी तिथे आहे हे एकाही माणसाला माहीत नव्हतं. बाबांचा प्रश्न त्या रात्री मला खरा लागला.

स्ट्रीम बऱ्याच दिवसांनी परत आला. अधूनमधून, जनरेटरच्या आवाजासकट. ब्लॅक रिव्हरची दुर्दशा तोवर बातम्यांत पाहिली होती. बाई नावं वाचत होत्या. कोण कुठे आहे, कोण कुणाला शोधतंय. शुक्रवार आला, आपले अडीच वाजले, गेले. अंकलचा फोन नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही.

मग मी लिहिलं. स्टेशनच्या नंबरवर चार ओळी. मी इंडियातून ऐकते, रात्रपाळीला, सहा वर्षं. ब्लॅक रिव्हरचे अंकल कसे आहेत, कळेल का? पाठवताना हात थरथरत होता. एवढ्या सगळ्यात माझं हे काय मध्येच!

वीसेक मिनिटांनी बाईंनी तो वाचला. ‘इंडिया?’ म्हणाल्या आणि गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, ‘बेटी, झोपत नाहीस का?’ आणि मग सगळ्यांना उद्देशून, ‘ऐका रे, कुणाला अंकलची खबर आहे का? लांबून विचारणं आलंय.’ एक बाई फोनवर आली. तिनं सांगितलं, अंकलचं छप्पर गेलं. होडी गेली. रेडिओ गेला. अंकल आहेत. डोंगरावर, मँडव्हिलला, भाचीकडे. बोलत नाहीत फारसं.

बाई म्हणाल्या, ‘रेडिओ नाही, म्हणून फोन नाही. बरोबर. आपण त्यांची जागा धरून ठेवू.’ आणि त्यांनी ते १९६७ चं गाणं लावलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी चारला ते गाणं लागतं. फर्माईश करणारं कुणी नसताना. न जाणो, भाचीच्या शेजाऱ्याकडे रेडिओ असेल. अंकलचा फोन हे लिहीपर्यंत आलेला नाही. मी त्या वेळी काम थांबवते, चहा घेते आणि आता स्टेशनला एक ओळ लिहिते, ‘पुणे ऐकतंय.’ बाई कधी वाचतात, कधी नाही. तिथे कामं खूप आहेत.

मागच्या वेळी साताऱ्याला बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘पोस्टकार्ड पोचलं म्हणायचं.’

जमैकात निरोप घेताना ‘गुड बाय’ फारसं म्हणत नाहीत. म्हणतात, ‘लिक्कल मोर’. म्हणजे थोड्या वेळानं, पुन्हा भेटूच. आपण नाही का दारातून बाहेर पडताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो, तसंच. पहाटे कॅब येते, शहर उठायच्या बेतात असतं, तिकडे संध्याकाळ झालेली असते. इयरफोन काढताना मी बाईंना मनातल्या मनात म्हणते, येते हं.

कान टवकारा!

आयरी एफएम : १९९० पासून रेगेला वाहिलेलं जमैकन स्टेशन. गाण्यांइतक्याच गप्पा. पात्वा बोली सुरुवातीला डोक्यावरून जाईल, आठवडाभर धीर धरा.

सोमाएफएम : सॅन फ्रान्सिस्कोचं, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं इंटरनेट स्टेशन. ‘हेवीवेट रेगे’ हे त्यांचं चॅनेल. जाहिराती नाहीत, बडबड नाही. काम करताना उत्तम.

रेडिओ गार्डन : नेदरलँड्समध्ये २०१६ साली सुरू झालेली भन्नाट साइट. पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, तिथलं स्टेशन वाजतं. पुण्यावरून सरळ पश्चिमेला फिरवत न्या, किंग्स्टन सापडेल.

आणि हो, ऐकून आवडलं तर एक ओळ लिहून टाका. कुणीतरी वाचतं.